पाचव्या पायरीवरची नवरी

त्या गुरुवारी यामिनीला खरं तर फक्त वरणाचा कुकर लावायचा होता.

नोव्हेंबर होता. रेडमंडचा पाऊस पडत नाही, तो नुसता असतो. दुपारी साडेतीनलाच दिवे लावावे लागायचे. शार्दूल सकाळी आठच्या बसने ऑफिसला गेला की संध्याकाळपर्यंत त्या दुमजली भाड्याच्या घरात यामिनी आणि पाऊस, दोघंच. लग्नाला पाच महिने झालेले, अमेरिकेत येऊन दोन. नोकरीला व्हिसाची परवानगी नव्हती आणि गाडी चालवायला तिची स्वतःची. तेव्हा ती घर न्याहाळत बसायची. न्याहाळण्यासारख्या गोष्टी दोनच होत्या, जिना आणि शार्दूलचं कपाट.

जिना हॉलमधूनच वर बेडरूमकडे जायचा. अकरा पायऱ्या, आणि सगळ्या जाड करड्या गालिच्यात गुंडाळलेल्या. हत्ती चढला तरी आवाज येऊ नये असा जिना. हे लक्षात असू द्या.

कपाटात रेकॉर्डी होत्या. सगळ्या इटालियन बँड्सच्या. लग्नाआधी फोनवर शार्दूलने त्यांची कबुली दिली होती, दुसरा एखादा मुलगा जुन्या मैत्रिणीची देतो तशी. खालच्या फळीवर सत्तरच्या दशकातले प्रोग्रेसिव्ह रॉकवाले, म्हणजे बासरी, ऑर्गन आणि वीस-वीस मिनिटं न संपणारी गाणी. वरच्या फळीवर अलीकडचे मेटलवाले, म्हणजे तलवारी, राजे, ड्रॅगन आणि मधेमधे घोगऱ्या आवाजात कथानक पुढे ढकलणारा एक निवेदक. दोन्ही फळ्यांवर त्याच्या लाडाचे ते कॉन्सेप्ट अल्बम. सगळी गाणी मिळून एकच गोष्ट, त्याने समजावलं होतं. यामिनी मनात म्हणाली, म्हणजे आख्यानच की. बुवांनी फक्त चामड्याची पँट घातलीय.

त्याचा नियमही एकच होता. सुई टेकली की उठायचं नाही. फोन नाही, बोलणं नाही, बाजू पालटायला काय उठाल तेवढंच. हे ऐकून यामिनीला हसू आलं होतं, कारण व्हिसाची वाट बघत ती साताऱ्याला सासरी राहिली तेव्हा श्रावणातल्या शुक्रवारी सासूबाईंनी तिला कहाणीला बसवताना हेच बजावलं होतं. मुठीत तांदूळ धरायचे आणि कहाणी पुरी झाल्याशिवाय जागचं हलायचं नाही. आई श्रावणात, मुलगा बारा महिने, एवढाच फरक.

तर त्या आठवड्याच्या सोमवारी इटलीतल्या तोरिनोहून एक पार्सल आलं. शार्दूल आठ वर्षं जिच्या मागावर होता ती रेकॉर्ड. पाच पोरांचा बँड, एवढा एकच अल्बम काढून कुठे विरून गेला कुणालाच ठाऊक नाही. अल्बमचं नाव उंदिची ग्रादिनी, म्हणजे अकरा पायऱ्या. डोंगरातल्या एका गावातली नवी नवरी तळघरातून दिवा पेटवून आणते आणि काळोखात दगडी जिना चढते. एकेका पायरीवर माहेरची एकेक आठवण खाली ठेवते. अकराव्या पायरीवर सासरचं दार. एका पायरीचं एक गाणं.

“शनिवारी ऐकू,” शार्दूल म्हणाला होता. “मी पण नाही ऐकलेला अजून. तुझाही पहिल्यांदा, माझाही पहिल्यांदा.” आणि त्याचे कान लाल झाले होते.

अबोल माणसाच्या तोंडून पाच महिन्यांत निघालेलं हे सगळ्यात लाडाचं वाक्य होतं. यामिनीने ते पदरात घेतलं, आणि मग तिला घोर लागला. शनिवारी हा माझ्या चेहऱ्याकडे बघणार. मला काहीच कळलं नाही तर? गाण्याच्या ऐन भरात जांभई आली तर? म्हणून, परीक्षेआधी पुस्तक चाळावं तितक्याच प्रामाणिकपणे, गुरुवारी दुपारी तिने कुकर शेगडीवर चढवला, रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली आणि सुई टेकवली.

आधी नुसता वारा. मग लांबून एक बासरी. मग दगडावर टाच वाजली, एकदाच, आणि एक बाई गाऊ लागली. भाषा कळत नव्हती, पण कुणाला तरी निरोप देतेय एवढं कळत होतं. गाणं संपलं की टाच, मग पुढचं गाणं. दोन. तीन. चार. यामिनीचा चहा निवून गेला. पाचव्या पायरीवर सगळी वाद्यं थांबली आणि उरला तो बाईचा आवाज आणि तिचा श्वास. जांभईचं नावसुद्धा नव्हतं. यामिनीच्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली.

तिसऱ्या शिट्टीला उठायचं हे बाईच्या डोक्यात नसतं, पायांत असतं. एक सूरही चुकू नये म्हणून तिने सुई उचलली आणि स्वयंपाकघरात धावली. शेगडी बंद करते तोच फोन. शार्दूल लवकर निघाला होता, बसमध्येच होता. घाबरीघुबरी होऊन तिने रेकॉर्ड पाकिटात सारली, पाकीट फळीवर, आणि दार उघडायला गेली तेव्हा हातात झारा होता. तो तिने कधी उचलला तिलाच आठवेना.

शुक्रवारी चारच्या सुमाराला ती हॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होती. बाहेर अंधारून आलं होतं. खिडकीवर पाऊस, आणि फ्रिजची घरघर. तेवढ्यात जिन्यावर टाच वाजली.

एकदाच. दगडावर.

तिने जिन्याकडे पाहिलं. करडा गालिचा होता तसाच होता. पण वास आला, ओल्या दगडाचा आणि नुकत्या पेटवलेल्या वातीचा. थोड्या वेळाने पुन्हा एक टाच, जागच्या जागी. फार वेळ उभं राहिलेलं माणूस या पायावरून त्या पायावर भार टाकतं ना, तशी.

यामिनी घड्यांचा गठ्ठा छातीशी धरून वर निघाली, कारण कपडे काही आपले आपण कपाटात जाणार नव्हते. पाचव्या पायरीवर पाय टेकला आणि मोज्यातून गारवा नडगीपर्यंत चढला. तिने पाय काढून घेतला आणि पुढच्या पायरीवर लांब टांग टाकली. जाताना अंग चोरून घेतलं. भीती होतीच, पण शिष्टाचारही होता.

साडेचारला साताऱ्याहून फोन आला. तिकडे सकाळचे सहा, सासूबाईंचा, म्हणजे प्रतिमाबाईंचा, पहिला चहा. थंडी, भाजी, शार्दूलचा खोकला असं सगळं झाल्यावर यामिनीने हळूच विचारलं की आई, समजा कुणी कहाणी अर्धवट टाकून उठलं, तर काय होतं?

पलीकडे बशीत चहा ओतल्याचा आवाज आला.

“होतंय काय?” प्रतिमाबाई म्हणाल्या. “ज्यांची कहाणी ती ताटकळत राहतात. पहिल्यापासून लावायची परत. मुठीत तांदूळ घे... आणि कुकर आधी उतरवून ठेव, बाई.”

कुकरचं नाव यामिनीने काढलं नव्हतं. पण सासवांचं हे असतंच, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

संध्याकाळी तिने सोफ्यावरून एक गोष्ट पाहिली. शार्दूल लॉन्ड्रीची टोपली घेऊन जिना चढत होता. चौथ्या पायरीपर्यंत सरळ गेला, मग भिंतीला पाठ लावून बाजूला सरकला, ओठ पुटपुटल्यासारखे हलले, आणि पुन्हा सरळ होऊन वर गेला. असा का चढलास, तिने विचारलं. कसा, त्याने विचारलं.

आता यामिनीचा प्रश्न बाईचा उरलाच नव्हता. बाई बिचारी उभी होती, कुणाचं काही मागत नव्हती. तिची सुटका कशात आहे तेही कळलं होतं. पण रेकॉर्ड पहिल्यापासून लावायची तर शार्दूलसमोरच लागणार, आणि त्याच्यासमोर पहिल्यांदा ऐकल्याचं सोंग आणायचं म्हणजे त्याचं ते एकुलतं एक वाक्य खोटं पाडायचं. आणि सांगायचं, तर ते मोडायचं. आठ वर्षं थांबलेल्या माणसाला सांगणार काय, की मी शनिवारपर्यंतही थांबले नाही, आणि तीन शिट्ट्यांसाठी मधेच उठले?

शनिवारी चार वाजता शार्दूलने हात धुऊन पुसले, रेकॉर्ड पाकिटातून काढली आणि लग्नातल्या अंतरपाटासमोर उभा होता तसा उभा राहिला.

“शार्दूल,” यामिनी म्हणाली. “मी ऐकलाय हा. पाचव्या पायरीपर्यंत.”

रेकॉर्ड त्याच्या हातात तशीच राहिली.

“मग कुकर झाला.”

तो रेकॉर्डच्या कडेकडे बघत राहिला. खिडकीवर पाऊस वाजत होता. यामिनीला वाटलं, आता हा ती पाकिटात घालणार आणि आपण दोघं जन्मभर हवापाण्यावर बोलणार.

“आवडला?” त्याने विचारलं.

“रडले मी.” आणि निघालंच आहे तर सगळंच निघू दे म्हणून ती पुढे म्हणाली, “ती अजून तिथेच उभी आहे... पाचव्या पायरीवर. टाच वाजते तिची.”

शार्दूल हसायला लागला. हसता हसता त्याची नजर जिन्याकडे गेली आणि हसू तिथेच राहिलं.

“काल टोपली घेऊन जाताना...” तो हळू आवाजात म्हणाला, “मी कुणाला तरी सॉरी म्हणालो यार. वर पोचल्यावर लक्षात आलं.”

“इंग्लिशमध्ये?”

“मग काय, मला इटालियन येतं?”

जिन्यावर टाच वाजली. दोघांनी ऐकली.

यामिनी उठून स्वयंपाकघरात गेली. शेगडी बंद आहे हे दोनदा पाहिलं, फोन बंद करून ठेवला, आणि डब्यातला बासमती दोन मुठींत घेऊन आली. एक शार्दूलच्या हातात दिली. हे कशाला, असं त्याने विचारलं नाही. साताऱ्याचाच मुलगा होता, मूठ आपोआप मिटली.

सुई टेकली. वारा. बासरी. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पायरीवर वाद्यं थांबली, बाईचा आवाज एकटा राहिला, आणि या वेळी शिट्टी झाली नाही. गाणं शेवटपर्यंत गेलं. मग रेकॉर्डवर टाच वाजली आणि त्याच क्षणी जिन्यावरही वाजली. एक पायरी वर.

यामिनीने शार्दूलचा रिकामा हात पकडला. तो बर्फासारखा गार होता, पण सोडवून घेत नव्हता.

सहावं गाणं संपलं आणि पहिली बाजू संपली. शार्दूलने उठून बाजू पालटली. खोलीत अगदी शांत होतं, आणि त्या शांततेत जिन्यावर कुणीतरी श्वास घेत थांबलं होतं, चढून दमल्यासारखं. शार्दूलने तिकडे न बघता एक बोट वर केलं. एक मिनिट, या अर्थी.

सात. आठ. आवाज वर वर जात होता. नऊ. वातीचा वास दाट झाला. दहा. आता ढोलताशासारखं काहीतरी कडाडत होतं, ऑर्गन घुमत होता, आणि बाई गात होती ते रडणं होतं की हसणं ते समजत नव्हतं. अकरा. रेकॉर्डवर दार करकरलं आणि बंद झालं. वर त्यांच्या बेडरूमचं दार, जे ओलीने फुगून गेला महिनाभर बंदच होत नव्हतं, तेही अलगद लागलं.

सुई रिकामी फिरत राहिली. वास गेला होता. यामिनी जाऊन पाचव्या पायरीवर उभी राहिली. गालिचा उबदार होता, साधासुधा. ती तिथेच बसली आणि तिला इतकं हसू आलं की शार्दूलही येऊन शेजारी बसला आणि दोघं, मुठीत तांदूळ धरून, दम लागेपर्यंत हसले.

“म्हणजे हा तुझाही पहिल्यांदाच झाला,” शार्दूल म्हणाला. “अर्धा ऐकलेला धरत नाहीत.” त्याचे कान लाल होते.

मग दोघं हातात हात घालून वर गेले. खोलीत कुणी नव्हतं. दाराबाहेर, अकराव्या पायरीवर, चिमूटभर तांदूळ पडले होते. शार्दूल म्हणाला, तुझ्याच हातातून सांडले असतील. यामिनीने मूठ उघडून दाखवली. लांबसडक बासमती, होता तेवढा. पायरीवरचे दाणे आखूड होते, गोल आणि टपोरे. तसले तांदूळ त्या घरात कधी आणलेच नव्हते.

शार्दूलने ते बराच वेळ निरखले. “आपल्या लग्नात अक्षता, तसे त्यांच्याकडे नवरीवर तांदूळ उधळतात,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “गोष्ट तर संपली ना? ती घरात जाते. दार लागतं. संपली.”

“घरात जाते,” यामिनी म्हणाली. “कुणाच्या, ते लिहिलंय का पाकिटावर?”

त्याने पाकीट पाहिलं. लिहिलेलं नव्हतं.

सोमवारी पुन्हा पाऊस होता. यामिनीने वरण-भाताचा कुकर चढवला आणि या वेळी वरच्या फळीवरचा एक अल्बम काढला, तलवारवाल्यांचा. राजा रणात एकटा पडला होता, निवेदकाचा घसा बसत आला होता, आणि ती पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर बसली होती. पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. नियम म्हणजे नियम, तिने उशी घट्ट धरली. तिसरी झाली आणि पाय उठलेच.

तेवढ्यात स्वयंपाकघरात शेगडीचं बटण फिरल्याचा टक्‌ असा आवाज झाला. शिट्टी हळूहळू निवली.

यामिनी पुन्हा खाली बसली. राजा जिंकेपर्यंत उठली नाही. मग सुई उचलून ती आत गेली. बटण बंदवर होतं, वरण हवं तितकंच शिजलं होतं, आणि ओट्यावर वाढून घ्यायला वाट्या मांडून ठेवल्या होत्या.

तीन.