मास्तरांचा होकार

दुपारचे चार वाजले होते. ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर गाडीत बसले तेच मुळी दातओठ खात. शेजारी स्टीअरिंगवर त्यांचाच जुना विद्यार्थी होता, औषधांच्या दुकानाचा मालक. गेल्या वर्षी वळताना त्याने एका मोटरसायकलवाल्याला उडवलं होतं. तो बिचारा जागीच गेला. लायसन्स रद्द झालं. आता पुन्हा परीक्षा द्यायची, तर आधी मास्तरांचं 'हा तयार आहे' असं पत्र हवं होतं.

"दिसलाच नाही हो तो," दुकानदार पुटपुटला.

"बघितलं असतंस तर दिसला असता! आरशात न दिसणाऱ्या जागेत अख्खी मोटरसायकल मावते, हे तुला कितीदा सांगितलं? मान वळवायला काय धाड भरली होती?"

गाडी सामसूम वसाहतीत शिरली. तापलेल्या रेक्झिनचा वास कोंडला होता. इंडिकेटरची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"खरं सांगू, मास्तर? शिकताना मी मान कधी वळवलीच नाही. तुम्ही तुमच्या बाजूच्या जादा आरशात बघून 'हं, चल' म्हणायचात, की मी वळायचो. त्या दिवशीही... तुम्ही म्हणालात."

"मी? मी नव्हतो त्या गाडीत!"

"ठाऊक आहे हो. पण आवाज तुमचाच होता..."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस मारलास तू, आणि खापर माझ्या डोक्यावर? पण आत कुठेतरी चर्र झालं. वीस वर्षं ते घाईघाईत असंच, स्वतःही मान न वळवता, शिकवत आले होते. अशी शेकडो माणसं त्यांनी रस्त्यावर सोडली होती. आज तोंड उघडायचंच नाही, हा स्वतः बघतो का ते पाहायचं. वळण आलं तसे त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"हं, चल."

त्यांचाच आवाज. गाडी वळली. मास्तरांनी आपल्या पायाखालचा जादा ब्रेक जिवाच्या आकांताने दाबला. एक मोटरसायकल दाराला घासून गेली.

"डोळे फुटले काय रे?" मोटरसायकलवरचा पोरगा ओरडत पुढे निघून गेला. वाचला.

"मी... मी बोललो नाही," मास्तर ओरडले. रागाने की भीतीने, त्यांचं त्यांनाच कळेना. "आता मान वळव. वळव म्हणतो ना! स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

दुकानदाराने मान वळवली, आणि तो बघतच राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं? अजून कोणी येतंय?"

"मागच्या सीटवर..." तो कुजबुजला. "तुम्ही बसलायत, मास्तर."

मास्तरांनी मागे बघायला मान वळवली. ती काही केल्या वळेना.