बंद पडलेल्या कंपनीचा डबा

हिवाळ्यात मूलच्या रस्त्यांवर दुपारभर एकच आवाज असतो, भोंगा लावलेल्या ऑटोचा. 'आज रात्री, भव्य रंगमंचावर, तीन अंकी संगीत नाटक…' धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो थेट होळीपर्यंत. माझं दुकान चंद्रपूर रस्त्यावर, राइस मिलच्या अलीकडे. टीव्ही, डिश, मोबाईल, मिक्सर, जे येईल ते दुरुस्त करते. पाटीवर 'मंजुषा इलेक्ट्रॉनिक्स' असं ठळक लिहिलेलं असूनही येणारा माणूस आत डोकावून विचारतो, "भाऊ कुठी हायेत?" भाऊ नाहीत. मीच आहे. हे सांगून सांगून माझ्या जिभेला घट्टे पडलेत.

बायनाबाईनं तसं विचारलं नाही. काउंटर चाचपडत तिनं माझा हात शोधला, त्यावर दुपट्ट्यात बांधलेली एक वस्तू ठेवली आणि म्हणाली, "बाई, यात माहा माणूस हाय. त्याले बाहेर काहाड."

मी तिच्यामागे उभ्या असलेल्या तिच्या सुनेकडे पाहिलं. करिष्मानं मान खाली घातली आणि गाठ सोडली.

आत टीव्हीला लावायचा डबा निघाला. इंटरनेटवरून सिनेमे दाखवणारे हे काळे, चपटे डबे मधल्या काळात गावोगाव विकले गेले. मग कंपनी बुडाली. आता डबा लावला की पडद्यावर एक गोल फिरत राहायचा, मग 'सेवा उपलब्ध नाही' अशी पाटी, मग परत गोल. बंद पडलेल्या कंपनीची परवानगी मिळाल्याशिवाय आतलं काही बघूच द्यायचं नाही, अशी त्याची रचना. म्हणजे मालक मेला आणि किल्ली घेऊनच गेला.

करिष्मानं सगळं नीट सांगितलं. सासरे, मुखरूभाऊ, मोहबोडीच्या नाटकात दरवर्षी राजाचं काम करायचे. एका वर्षी तिच्या नवऱ्यानं, अजयनं, मोबाईलवर नाटकाचं शूटिंग केलं आणि सगळ्यांना मोठ्या पडद्यावर बघता यावं म्हणून या डब्यात घालून ठेवलं. पुढे मोबाईल गेला. कोरोनात मुखरूभाऊ गेले. बोलता-चालता मुखरू आता फक्त या डब्यात होता.

"फोटो हाय नं, मावशी," मी म्हटलं.

"फोटो बोलत नाई." बायनाबाईनं डोळ्यासमोर मूठ धरली आणि तिच्यात बारीक भोक केलं. "एवढंसं दिसते आता मले. काचबिंदू म्हणते डाक्टर. होळीपावतर हेबी बुजते म्हणते. त्याच्या आंधी एक डाव पाहू दे, बाई. मंग आंधळी झाली तरी चालते."

मी हो म्हटलं. चांगलं फुशारकीनं म्हटलं.

त्यानंतर त्या डब्यानं माझं रक्त आटवलं. असल्या यंत्रात दोन प्रकारचे लोक असतात. एक भाडेकरू, म्हणजे आपण. जेवढं दाखवतील तेवढंच बघायचं. दुसरा मालक, ज्याला आमच्या धंद्यात रूट म्हणतात. रूट झालं की सगळी कुलपं आपली, त्याच्यावर कोणी नाही. मला रूट व्हायचं होतं. मी डबा उघडला, आतल्या सर्किटच्या पाटीवरच्या मोहरीएवढ्या ठिपक्यांवर तीन तारा डागल्या, त्या लॅपटॉपला जोडल्या. पडद्यावर अक्षरं धावू लागली आणि शेवटी डब्यानं पासवर्ड मागितला. तो ज्यांना माहीत होता ती माणसं आता कुठल्या कुठे नोकऱ्या करत असतील.

मग नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तार सुटायची. डाग द्यायला घेतला की राइस मिल सुरू व्हायची, व्होल्टेज पडायचं आणि सोल्डरिंगची इस्त्री थंड व्हायची. इंटरनेटवर कोणा परदेशी माणसानं लिहिलेला उपाय केला तर गोल फिरायचंही बंद झालं. ते परत आणण्यात अख्खा दिवस गेला. बाकीची कामं साचली, गिऱ्हाइकं ओरडू लागली. दुकानात एकटी बसून मी त्या डब्याला शिव्या घालत असे. "अरे हो नं चालू, मुडद्या! कोनाचं घर राखून राह्यला तू?" माझी आई ऐकती तर तोंड धुवायला लावती.

शेवटी जमलं ते वैतागूनच. डबा चालू होता होता त्याच्या मेमरीच्या एका पायाला चिमटा टेकवून ठेवायचा, म्हणजे तो गोंधळतो आणि पासवर्ड मागायचं विसरतो, असं वाचलं होतं. अनेकदा करून हात भरून आला होता. रागानं चिमटा आदळला तो नेमका जागेवर बसला. अक्षरं थांबली. लॅपटॉपवर फक्त एक चिन्ह उरलं, दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांचं, मालकाचं. मी टाळी वाजवली. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

आत एकच व्हिडिओ होता. मी पेन ड्राइव्ह लावला आणि नक्कल करायचा हुकूम दिला. डब्यानं उत्तर दिलं, 'परवानगी नाही.'

हे वाक्य भाडेकरूला येतं. मालकाला येत नाही. मी परत हुकूम दिला, स्पेलिंग तपासून दिला. तेच उत्तर. मी कोण आहे, असं त्यालाच विचारलं. तो म्हणाला, रूट. मग रूटला परवानगी कोण नाकारतंय, हे विचारायची सोय त्यात नव्हती.

नक्कल नाही तर नाही. मी डबा दुकानातल्या जुन्या टीव्हीला जोडून व्हिडिओ तिथंच लावला. त्या टीव्हीचा स्पीकर गेलेला, त्यामुळे नुसतं चित्र. मंडप, पिवळे बल्ब, चटयांवर दाटीनं बसलेली माणसं. रंगमंच कुठेच नाही. अजयवर असा संताप आला! बाप राजा झाला आणि हा शहाणा पब्लिकचं शूटिंग करत बसला. बंद करणार तेवढ्यात मधल्या रांगेत मुखरूभाऊ दिसले. करिष्मानं फोटो पाठवला होता, म्हणून ओळखले. पांढरा सदरा, खांद्यावर गमछा. समोर बघत बसले होते. शेजारच्या चटईवर एक घडी केलेली शाल, तिथं कोणी नव्हतं. आमच्याकडे नाटकाला दुपारपासूनच चटया टाकून जागा धरतात. धरलेल्या जागेवर दुसरा बसत नाही. दारू पिऊन आलेला माणूससुद्धा वळसा घालून जातो.

राजा नसला तरी माणूस तर होता. मी करिष्माला फोन करून सासूला घेऊन यायला सांगितलं.

त्या येईपर्यंत मी सवयीनं व्हिडिओचा आकार पाहिला. नक्कल करताना पाहिला होता त्यापेक्षा वाढला होता. इंटरनेट नाही, कॅमेरा नाही, माइक नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मेमरी खराब झाली असेल, चुकीचे आकडे दाखवत असेल. मी ती फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही, अशी बांधून टाकली. थोड्या वेळानं परत पाहिलं. अजून वाढला होता. मी लॅपटॉप आपटून मिटला.

बायनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. मी तिला टीव्हीच्या अगदी जवळ स्टुलावर बसवलं आणि मोबाईलला लावतात तो छोटा स्पीकर जोडला. मुखरूभाऊ दिसताच मी चित्र थांबवलं. तिला शोधायला वेळ लागला. एवढ्याशा भोकातून ती पडदा तुकड्यातुकड्यानं बघत होती. मग तिनं काचेवर बोट ठेवलं.

"हाच," ती म्हणाली आणि रडली. मीही रडले. इतक्या दिवसांचा वैताग तेवढ्यानं धुऊन निघाला.

मग मी व्हिडिओ पुढे सोडला.

"पन राजाचा पार्ट सोडून हा खाली काऊन बसला?" तिनं डोळे पुसत विचारलं. "अजयनं तं स्टेजवरचंच शूटिंग केलं होतं. मी पाह्यलं होतं नं." तिचं बोट सरकत गेलं. "हा पोचू. हे कमलाबाई. हा इसरू…" बोट थांबलं. "पोचू त्या सालात मिरची तोडाले तेलंगणात होता. तिकडंच वारला. नाटकाले तो कुठी होता इथी?"

"आई, कमलाकाकू तं…" करिष्मानं माझा दंड धरला. "या बाकी सगळ्याईले आमी मसनात पोचवून आलो, ताई. सगळ्याईले."

मोबाईलच्या स्पीकरमधून खोकणं, कुजबुज, बांगड्यांचे आवाज येत होते. मग रंगमंचावरून एका बाईचा आवाज आला.

"अरे हो नं चालू, मुडद्या! कोनाचं घर राखून राह्यला तू?"

चटयांवरचे सगळे खळखळून हसले. पोचूनं मांडीवर थाप मारली.

माझा आवाज होता. मागे राइस मिलची घरघर होती. चिमटा आदळल्याचा आवाज आला. मग एक टाळी, माझीच. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मग आवाज आला, "फोटो हाय नं, मावशी."

"फोटो बोलत नाई."

मंडप चिडीचूप झाला. कमलाबाईनं पदर डोळ्यांना लावला.

तेव्हा मी त्यांच्या नजरा पाहिल्या. त्या बाजूला कुठे नव्हत्या. सरळ आमच्यावर होत्या.

"असं होय," बायनाबाई हळूच म्हणाली. "पाहाले आले."

एक माणूस वाकून शालीच्या जागेवर बसू लागला. मुखरूभाऊंनी त्याला हातानं अडवलं. ओठ हलले.

"माही जागा हाय ते," बायनाबाई म्हणाली.

मुखरूभाऊंनी शाल उचलून मांडीवर घेतली. मोकळ्या चटईवर दोनदा हात थोपटला आणि तिच्याकडे पाहिलं.

मी प्लग उपटला.

पडदा काळा झाला. बायनाबाईची मान हलली नाही. ती तशीच काचेकडे बघत राहिली, चेहऱ्यावर लाज आणि हसू. करिष्मानं तिला उठवलं तेव्हा ती म्हणाली, "पाह्यलं, बाई. लय चांगलं पाह्यलं. तुले पुन्य लागन."

डबा न्यायला करिष्मानं नकार दिला. मी व्हिडिओ पुसायचा हुकूम दिला. 'परवानगी नाही.' तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. गरम हवेच्या गननं मेमरी उपटून काढली, पकडीत धरून तिचा चुरा केला आणि तो कचऱ्यासोबत जाळला. आता नाकार म्हणावं परवानगी. त्या रात्री मी शांत झोपले. साचलेली कामंही हळूहळू उरकली.

होळीच्या तोंडावर दुपारी करिष्माचा फोन आला. दुकानात कोणी नव्हतं. फोन काउंटरवर ठेवून, स्पीकर लावून मी मिक्सरची वायर जोडत ऐकत होते.

"आईचे डोळे गेले, ताई. काईच दिसत नाई आता. डाक्टरनंबी हात टेकले."

मला वाईट वाटलं. मी तसं म्हटलं.

"पन त्याईले दुःख नाई नं. दिवसभर भितीकडं तोंड करून चटईवर बसून राह्यते. तेबी एका कडेले. बाजूची जागा मोकळी ठेवून राह्यते. एकट्याच हासते. तुमच्याशी बोलाचं म्हणून राह्यल्या."

फोन हातातून हातात गेला.

"मावशी, कशी हायेस व?"

"मजेत हाओ, बाई. आता मस्त दिसते मले. मंधात कोनाचं डोस्कं येत नाई."

"काय दिसते, मावशी?"

ती हसली. म्हातारपण, मी स्वतःला सांगितलं, आणि आंधळेपण. माणसाचं मन काहीतरी धरून ठेवतं. पण वायर मी खाली ठेवली. मला एकदम तिथं बसवेना.

मी फोन काउंटरवर तसाच राहू दिला. चप्पल न घालता, आवाज न करता उठले. कोपऱ्यातली सळई घेतली आणि शटर खाली ओढायला वर केली. सळई अजून कडीत अडकलीही नव्हती.

"पडदा नोको पाडू, बाई," फोनमधून बायनाबाई म्हणाली. "लोकं आताच तं बसले."