नुसैबाची कॉफी

इर्बिदच्या आमच्या रुग्णालयात कर्मचाऱ्याला मारहाण झाली तर काय करायचं, याचं दोन पानी पत्रक व्यवस्थापक म्हणून मीच लिहिलंय. त्याच्याशी बोला, रजा द्या, तक्रार त्याच्या मर्जीनं. वाचायला छान आहे.

मार्चमध्ये तातडीच्या विभागात एका रुग्णाच्या भावानं नर्स नुसैबाला ठोसा मारला. जबडा मोडला, तारेनं बांधला. ती वहीत लिहून बोलायची. पाचव्या दिवशी त्या घरचे वडीलधारे माफी मागायला माझ्याच खोलीत आले. रीतीप्रमाणे म्होरक्यापुढे कॉफी ठेवली. मागणं मान्य होईपर्यंत तो कॉफीला शिवत नाही. दुखावलेल्यानं 'प्या' म्हटलं, की तक्रार मिटली.

"पोरीला विचारलंत का?" त्यांचे म्होरके हाजी मिस्लेह म्हणाले.

"तिचं तोंड बंद आहे, हाजी. तिच्या वतीनं मीच सांगतो. प्या."

ते प्याले. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

दुसऱ्या सकाळी माझ्या टेबलावर, पाहुण्यांच्या बाजूला, कालच्यासारखाच बिनकानाचा छोटा कप होता. भरलेला, वाफाळता.

"फौझा, कोण आलं होतं?"

"कुणी नाही, अबू कायद साहेब," कॉफीवाली फौझा म्हणाली. "आणि ही माझी नव्हे. सरकारी कॉफीत वेलची कधी पाहिलीत?"

तिनं ती मोरीत ओतली. पुढच्या सकाळी कप पुन्हा तिथेच. मी कुलूप बदललं, तरी कप होताच, आणि रोज बोटभर माझ्याकडे सरकलेला. दुपार टळली तरी कढतच असायचा. फौझानं खोलीत येणं सोडलं. मला सकाळी दार उघडायची भीती वाटू लागली.

तार निघाल्यावर नुसैबा रुजू व्हायला आली. कप एव्हाना अगदी माझ्यापुढे होता.

"बस, पोरी. माफ कर आणि हाजींना एकदा 'प्या' म्हण. हे संपू दे."

तिनं कपाकडे पाहिलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"हाजी त्यांची प्याले, साहेब. ही तुमची."

"मग मला 'प्या' म्हण."

तिनं पिशवी मांडीवर ओढली.

तिच्या 'प्या'साठी मी थांबलो नाही. कप ओठांना लावला.

दात उघडेनात.

कॉफी हनुवटीवरून शर्टावर ओघळली. मी दोन्ही हातांनी जबडा ओढला.

तिनं पिशवीतून तीच वही काढून माझ्यापुढे ठेवली.

मी हे त्या वहीत लिहितोय. नुसैबा दाराबाहेर फौझाशी बोलतेय.

"साहेब बरे आहेत," ती सांगतेय. "त्यांची काही तक्रार नाही."