आजोबा झोपलेत

तो दुकानात आला तेव्हा बाहेर झिमझिम चालू होती आणि त्याची पिशवी किरकिरत होती.

"चष्म्याची काडी मोडलीये."

"काडी बसवून देते, पण... तुमची पिशवी ओरडतेय."

"रातकिडे आहेत. घरीच वाढवतो आणि विकतो."

एरवी मी चार पावलं मागे सरकले असते. त्या दिवशी मात्र काउंटरवरून अर्धी पुढे वाकले, कारण घरी काचेच्या पेटीत दाढीवाल्या सरड्याचं पिल्लू होतं. जहाजावरच्या नोकरीला जाताना धाकट्या भावाने ते माझ्या गळ्यात घातलं होतं. बोटभर जीव, पण हनुवटीखाली काटे, म्हणून भावाने नाव ठेवलं आजोबा! "ताई, घरात कोणीतरी असू दे," तो म्हणाला होता. आई जाऊन चारच महिने झाले होते. भाऊ गेला आणि घर खायला उठलं... आणि आजोबा तीन दिवस किड्यांना तोंड लावत नव्हते. मी त्याला सगळं सांगून टाकलं.

"किडे केवढे देता?" त्याने विचारलं.

"मिळतील तेवढे."

"अहो, पिल्लाच्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर, त्याहून किडा मोठा नको. तुम्ही तर त्यांच्या पानात बैल वाढलात!"

मला हसू आलं. फार दिवसांनी आलं म्हणून नाकातूनच आलं.

संध्याकाळी तो बारीक किड्यांचा डबा घेऊन घरी आला. पेटीपाशी वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"दिवा काचेच्या बाहेर का ठेवलाय?"

"इवलासा जीव... चटका बसू नये म्हणून."

"काचेतून उजेड जातो. पण त्यांच्या हाडांना जे किरण लागतात, ते..."

त्याने वाक्य अर्धं सोडलं. पुरं करायची गरजच नव्हती. नऊ वर्षं मी काचा विकतेय. रोज दहा गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगते, 'ही काच घ्या, घातक किरण आत येऊच देत नाही.' आणि घरी मीच... दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आजोबांचा जबडा हलकेच दाबून पाहिला. "हाडं मऊ पडलीत. दिवा आत घ्या, रोज संध्याकाळी औषध द्या. पण उशीर झालाय, हे सांगून ठेवते."

औषध द्यायला दोघं लागायची. एकाने धरायचं, दुसऱ्याने नाकाच्या टोकावर थेंब सोडायचा. म्हणून तो रोज येऊ लागला.

"हात थरथरतोय."

"आजोबांचाच थरथरतोय."

"त्यांना मी धरलंय. तुमचा थरथरतोय... धरू का?"

"औषध सांडेल."

"सांडू दे की — थोडंसं."

मी लटक्या रागाने पाहायचे. तो चष्मा नाकावर सरकवून भलतीकडेच बघायचा. त्याच्या बाहीला सुक्या कोंड्याचा वास यायचा आणि मला तो आवडायला लागला होता. पण आजोबांचे मागचे पाय फरफटतच होते. या घरात मला आणखी कोणाला मरू द्यायचं नव्हतं. बाकी मी देवाकडे काहीच मागत नव्हते.

बाराव्या दिवशी, दुपारी जेवायला घरी आले तर आजोबा दिव्याखाली निपचित पडले होते. हात लावला. पाठ उबदार होती, पण ती ऊब दिव्याची होती.

मी दुकानाच्या मालकांना फोन केला. "आजोबा गेले," एवढंच तोंडातून निघालं आणि हुंदका फुटला.

"अरेरे! थकलेच असतील बिचारे. दोन दिवस येऊ नकोस, पोरी," मालक म्हणाले. मी खरं सांगायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी गॅलरीतल्या कुंडीत आजोबांना पुरलं. हात धुते न धुते तोच बेल वाजली. दारात तो, हातात किरकिरता डबा. सांगणारच होते... पण सांगितलं तर हा उद्या कशाला येईल?

"आजोबा झोपलेत," मी म्हणाले.

"झोपू दे," म्हणून डबा देऊन तो गेला. रात्रभर माझी मलाच लाज वाटत राहिली.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा बेल.

"आजोबा... झोपलेत अजून."

त्याने डबा हातात दिला आणि तो वळला. मी दार लावलं तेव्हा लक्षात आलं, डबा हलका होता. किरकिर नव्हती. उघडला तर आत एकही किडा नव्हता.

मी धावत बाहेर आले. तो कुठेच गेला नव्हता, जिन्याच्या पायरीवर बसला होता.

"तुम्हाला माहीत होतं!"

"दुपारी दुकानात गेलो होतो, तुम्ही दिसाल म्हणून. मालक म्हणाले, तिचे आजोबा वारले."

"मग डबा कशाला आणलात?"

"हात हलवत कसा येणार? आणि आलोच नसतो, तर तुम्हाला वाटलं असतं की मी त्यांच्यासाठीच येत होतो."

मी मटकन त्याच्या शेजारी बसले. "माझ्यामुळे गेले ते."

"चुकलात खरं," तो हळूच म्हणाला. "माझी पहिली दोन पिल्लं अशीच गेली. तेव्हा शेजारी बसायला कोणी नव्हतं."

मग मी रडले. आजोबांसाठी रडता रडता आईसाठीही रडले. त्याने मला पुरतं रडू दिलं. कधीतरी माझा हात त्याच्या हातात होता आणि सांडायला औषध नव्हतं.

उठताना तो घुटमळला. "उद्या... येऊ?"

"ये."

"काय निमित्त सांगू?"

"काही नको," मी म्हणाले. "नुसता ये."