तोल साधलेला घोट

हॅमिश क्विल स्वतःच्याच ब्रुअरीतल्या टाकीत मरून पडला आणि सगळं ह्युऑन खोरं टॅमसिनकडे बोट दाखवू लागलं.

रिकाम्या टाकीत जीवघेणा वायू साचून राहतो. म्हणून झाकणापाशी कुणीतरी उभं असल्याशिवाय आत उतरायचं नाही, हा हॅमिशचा नियम. उभं राहायचं काम मदतनीस टॅमसिनचं. त्या दिवशी ती लवकर घरी गेली होती.

"थांब म्हणाला होता गं. पण आई तापानं फणफणलेली. मीच मारलं त्याला," ती म्हणाली.

"तू निघालीस तेव्हा टाक्या कशा होत्या?" डेला पॅस्कोनं विचारलं. खाजगी तपास हा तिचा धंदा.

"दोन्ही निम्म्या-निम्म्या भरलेल्या."

डेलाला बोलावून आणलं होतं शेजारच्या सफरचंदवाल्या रॉसनं. टॅमसिनचे हाल त्याला बघवत नव्हते. उद्याच्या चौकशीत तिचं नाव येणार, आणि मग ही पोर कायमची खचणार.

"हॅमिशला तू शेवटचं कधी पाहिलंस?" डेलानं त्याला विचारलं.

"दिवस मावळताना. त्याचा पंप आठवडाभर बंद, म्हणून माझा घेऊन गेला. दुपारीच त्यानं मला दोन्ही टाक्यांतली, राय धान्याची बिअर पाजली होती. एकीनं मिरी चावल्यागत जीभ चरचरली, दुसरी म्हणजे नुसता पाक. वैतागला होता बिचारा. त्यात ब्रुअरी विकून टाकू म्हणून त्याच्या भागीदाराची, ड्युगल्डची भुणभुण."

भागीदार ड्युगल्ड व्हेअर आला तेव्हा पोलिसांनी ब्रुअरीचं सील नुकतंच काढलं होतं. प्रेत सापडल्यापासून आत कुणी गेलं नव्हतं. डेलानं भरलेल्या टाकीतून ग्लास भरले, उजेडात धरले, वास घेतला, घोट तोंडात घोळवला.

ड्युगल्डनं ग्लासला हात लावला नाही. "मी चाखलीय ही. आधी रायचा तिखटपणा, मागून माल्टचा गोडवा, शेवटी जेमतेम कडू. कुणी कुणावर वरचढ नाही. यंदाच्या स्पर्धेत मेडल ठरलेलं होतं."

"कधी चाखलीस?"

"त्या दुपारी. मग मी होबार्टला गेलो. ही बया थांबली असती तर..."

टॅमसिननं मान खाली घातली. रॉसला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण डेलाचा आवाज थंड होता.

"रॉस, पी."

रॉसनं घोट घेतला. "ही ती नव्हेच. दुपारी अशी कुठली..." आणि तो थबकला.

"बरोबर. दुपारी इथे तोल साधलेली बिअरच नव्हती. एक जहाल, एक गुळमट. हॅमिशनं त्या दोन्ही एकत्र केल्या तुझ्या पंपानं, दिवस मावळल्यावर. तेव्हा कुठे दुसरी टाकी रिकामी झाली. ती धुवायला तो एकटा उतरणारा माणूस नव्हता. झाकणापाशी कुणीतरी होतं, आणि त्यानं ही नवी बिअर चाखली होती."

ड्युगल्ड दाराकडे सरकू लागला. डेला त्याच्याकडे वळली.

"आत वारा सोडलाय, खुशाल उतर, असंच सांगितलंस ना त्याला? तो आत गुदमरत होता आणि तू बाहेर ग्लास धरून उभा होतास. चवीबद्दल मात्र तुला खोटं बोलवेना."

"तो विकू देत नव्हता," ड्युगल्ड पुटपुटला. रॉस दार अडवून उभा राहिला आणि डेलानं पोलिसांना फोन लावला.

टॅमसिननं ड्युगल्डसमोरचा ग्लास उचलला. हॅमिशनं शिकवलं होतं तसा वास घेतला, घोट जिभेवर ठेवला.

"साधला की रे तुला तोल, हॅमिश," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.