कोसमटोल्याची पोकळ झाडं

ऐन भाद्रपदात सागाच्या झाडावर एकही धड पान नाही, असं कोणी सांगितलं तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. सुरजा पुंगाटीनंही काढलं असतं. पण गावजेवणाच्या पत्रावळींसाठी पानं आणायला ती रानात गेली आणि हात हलवत परत आली. पाऊस भरपूर झाला होता, झाडं सरळसोट उभी होती आणि पानांच्या मात्र नुसत्या शिरा उरल्या होत्या. पान डोळ्यांसमोर धरलं तर पलीकडचं आभाळ दिसत होतं.

"आबा, जंगलाले काय झालं?" तिनं घरी येऊन विचारलं.

आबा म्हणजे तिचे आजोबा, डॉक्टर माणिक पुंगाटी. हे औषध देणारे डॉक्टर नव्हेत, झाडांचे शास्त्रज्ञ. देशाचं वनधोरण (जंगलं कशी राखायची आणि कशी वापरायची याचे सरकारी नियम) ठरवणाऱ्या समितीत त्यांनी बरीच वर्षं वाद घातले होते. आता ते गावी राहून तोच उद्योग बायकोशी करत.

"जाळी पाडणारी अळी," पान पाहून आबा म्हणाले. "पानाचा हिरवा गर खाते, शिरा सोडते. पान हा झाडाचा स्वयंपाकी. तोच गेला तर झाड जेवन काय आणि जाड होईन काय?"

सुरजानं मनात हिशोब केला. झाडं जाड झाली नाहीत तर लाकूड कमी मिळणार, आणि लाकूड कमी मिळालं तर शाळा होणार नाही! कोसमटोल्याची शाळा आठवीपर्यंतच होती आणि सुरजा आठवीत होती. या वर्षीच्या लाकडातून नववी-दहावीच्या खोल्या उभ्या राहणार होत्या. नाहीतर तालुक्याचं वसतिगृह. तिथं एकदा ती मावसबहिणीला भेटायला गेली होती आणि भेट संपायच्या आतच रडली होती.

"सिमेंटची बांधू ना शाळा," ती म्हणाली.

"सिमेंट बनवताना कार्बन डायऑक्साइड (पृथ्वीला तापवणारा वायू) ढिगानं बाहेर पडतो. झाड तोच वायू हवेतून घेऊन त्याचं लाकूड बनवते. घर जोवर उभं, तोवर त्यातला कार्बन कोंडलेला. म्हणून तर आता सगळा देश लाकूड मागून राहिला. मागणं चूक नाही. पण चल, अळी इतकी काहून माजली ते पाहू."

रानात टकटक्या कामावर होता. हा ग्रामसभेचा सहा पायांचा यंत्रमानव. तो बुंध्यावर हातोडीनं टकटक करायचा, आवाज ऐकायचा आणि तोडायच्या झाडावर लाल खूण करायचा. बोलायचा मात्र पाठ्यपुस्तकासारखा.

"हे झाड आतून पोकळ आहे. यापासून फळ्या निघणार नाहीत. ते तोडून जागा मोकळी करावी."

"तुले कोणं सांगितलं असं?" सुरजानं विचारलं.

"ग्रामसभेने. आदेश असा होता, 'जंगल अंगणासारखं स्वच्छ ठेव.'"

सुरजाला हसू आलं. कोसमटोल्यात सकाळी अंगणात सडा पडला नाही तर शेजारीण चौकशीला येते. त्या टापटिपीच्या लोकांनी यंत्र मिळताच जंगलही झाडून काढलं होतं. वाळलेली झाडं, पोकळ झाडं, झुडपं, वेली, सगळं साफ! जिल्ह्यातून लोक बघायला येत आणि गाव फुशारून जाई.

"नाल्यापलीकडेही असंच आहे का?" तिनं विचारलं.

"तेथे चिखल आहे. माझे पाय रुततात. तो पट्टा मी साफ करू शकलो नाही."

आबांनी धोतर खोचलं आणि नाला ओलांडला. सुरजा मागोमाग.

पलीकडे सागाच्या जोडीला बिजा, ऐन, मोह अशी झाडं, खाली झुडपांची दाटी. चालताना काटे लागत होते. पण सागाची पानं पाहून सुरजा जागच्या जागी थांबली. काही कुरतडलेली होती, बाकीची चांगली हिरवीगार. तिनं एक कोवळं पान चोळलं तर सागाच्या रसानं तळवा लालभडक झाला.

"इथं अळी नाही?"

"हाये की. तिले खाणारेही हायेत. बस गुमान आणि पाह."

दोघं बसून राहिली. एका वाळक्या झाडाच्या भोकातून रामगंगा नावाचा चिमुकला पक्षी निघाला, पानावरची अळी उचलून झाला दिसेनासा. मग दुसरा आला. सुतारपक्षी खोडं ठोकत होता. झुडपांच्या फुलांवर मुंगीएवढ्या गांधीलमाश्या भिरभिरत होत्या.

"ती माशी फुलातला रस पिते," आबांनी हळूच सांगितलं, "आणि अंडी घालते अळीच्या अंगात. पिल्लं अळीलेच खातात. आता तू सांग. झुडपं काढली तर?"

"माशी उपाशी."

"आणि पोकळ झाडं काढली तर?"

"पाखराले घरच नाही!" सुरजा ओरडलीच. "म्हंजे आबा, अळीचे पहारेकरी आपणच हाकलले!"

"यालेच जैवविविधता म्हणतात, एका जागी नांदणारे नाना तऱ्हेचे जीव. ती लाकडाची वैरीण नाही. लाकूड तिच्याच जिवावर वाढते."

"मग झाडं तोडायचीच नाही का?"

"असं कुठं म्हटलं मी? समितीत अर्धे म्हणत, सगळं राखा. अर्धे म्हणत, सगळं वापरा. मी दोघांशी भांडलो. काही जंगलाले हातच लावू नये. काही जागी लाकडासाठीच झाडं लावावी. आणि बाकीच्या मोठ्या भागात दोन्ही चालवावं. दरवर्षी वेगळा कूप (एका वर्षी तोडायचा जंगलाचा तुकडा) घ्यायचा, पण त्यात म्हातारी अन् पोकळ झाडं उभी ठेवायची. नाल्याकाठचा पट्टा सोडायचा, म्हंजे जीव इकडून तिकडं जातील. रिकाम्या जागी नुसता साग नाही, चार जातीची रोपं. लाकूड थोडं हळू मिळते, पण मिळत राहते."

हळू. सुरजाला तो शब्द टोचला.

ग्रामसभा भरली. टकटक्यानं आपलं गणित मांडलं, "अळीमुळे या वर्षी लाकूड अपुरे आहे. चिखल वाळल्यावर नाल्यापलीकडचा पट्टा तोडल्यास शाळेपुरते लाकूड मिळेल."

लोकांनी माना डोलावल्या. अध्यक्ष कौशल्याकाकू हात वर करा म्हणणार, एवढ्यात सुरजा उभी राहिली. तिला मत देण्याचा हक्क नव्हता, बोलण्याचा होता. तिनं दोन पानं आणली होती, अलीकडचं आणि पलीकडचं. ती हातोहात फिरली. पहारेकऱ्यांची गोष्ट तिनं अडखळत का होईना, पूर्ण सांगितली.

"तो पट्टा तोडला तर इकडं पाखरं येतीन कुठून? पुढच्या वर्षी अळी आणखी वाढन. शाळा एक वर्ष थांबू द्या. आणि टकटक्याले सांगा, पोकळ झाडावर लाल खूण करू नको."

"पोरी," कौशल्याकाकू म्हणाल्या, "नववीले तुलेच वसतिगृहात जावं लागन. समजते ना?"

"समजते," सुरजा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. ते तिनं लपवलंही नाही.

पट्टा राखायच्या बाजूनं हात वर होऊ लागले. आधी आबांचा, मग काकूंचा, मग एकेक करत सगळ्यांचा. सुरजाची आई मात्र हात मांडीवर ठेवून लेकीकडे बघत राहिली. कोणी तिला घाई केली नाही. बऱ्याच वेळानं तिनं हात वर केला.

घरी जाताना आईनं सुरजाचा हात घट्ट धरला होता. नाल्याजवळ ती थांबली आणि पलीकडच्या अंधारत चाललेल्या झाडीकडे बघून म्हणाली, "नववी करून ये तू. तोवर या पट्ट्याले कोणाले हात लावू देत नाही मी."