व्रानिदोलमधलं पहिलं पाऊल

ही गोष्ट खरी आहे. रात्रीची असती तर मीच म्हटलं असतं, स्वप्न पडलं असेल. पण हे भर सकाळी घडलं. वीस डिसेंबरला, इग्नाझ्देनच्या सणाला, एलेना गावाच्या वरच्या डोंगरात.

मी रालित्सा. विहरा माझी शाळेपासूनची मैत्रीण. दोघींना एकच वेड, ओस पडलेली गावं शोधायची. आमच्या बल्गेरियात अशी गावं डोंगराडोंगरात आहेत. म्हातारे गेले, पोरं शहरात गेली, घरं तेवढी उरली.

पण दरवेळी विहराच पहिली पोचायची.

मी धापा टाकत पोचावं, तर ही ओट्यावर पाय हलवत बसलेली. "उजाडलं का, बाईसाहेब?"

फोटो तिचे, कौतुक तिचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

व्रानिदोल गावही तिनेच शोधून काढलं. सणाच्या दिवशी जायचं, हेही तिनेच ठरवलं. मी तिला न सांगता आदल्या दिवशीच निघाले, पायथ्याशी मुक्काम केला आणि फटफटताच चढायला लागले.

सगळीकडे बर्फ. एकाही पावलाची खूण नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

आणि मग... धुराचा वास आला.

एकाच घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. बाकी गाव गप्प. कुत्रं नाही, कोंबडा नाही.

मी हात लावायच्या आत... दार उघडलं.

दारात एक म्हातारी. डोक्याला काळा रुमाल, हाताला पीठ लागलेलं. तिने विचारलं, "तूच पहिली का गं, पोरी?"

"हो. मीच पहिली!" मी म्हणाले. जरा जोरातच.

आमच्याकडे इग्नाझ्देनला घरात पहिलं पाऊल ज्याचं पडतं, त्याच्यावर त्या घराचं वर्षभराचं नशीब ठरतं. त्याला चुलीपाशी बसवून काटकीने निखारे ढवळायला लावतात. पाऊल लाभलं, तर पुढच्या वर्षीही त्यालाच बोलावतात. नाही तर दुसऱ्या कुणाला.

मी बसले, निखारे ढवळले. रीतीप्रमाणे म्हणाले, "जितक्या ठिणग्या, तितकी कोकरं, तितकी पिल्लं..."

"माणसं म्हण," म्हातारी म्हणाली. "घर रिकामं आहे गं."

"तितकी माणसं."

तिने माझ्या हातावर अक्रोड ठेवला. भरलेला निघाला तर पाऊल लाभलं, अशी रीत. मी फोडला.

आत... काहीच नव्हतं. काळी भुकटी.

म्हातारीचं तोंड उतरलं. "तू नव्हेस," ती म्हणाली.

"रालित्सा! अगं, बहिरी झालीस का?"

मी वळले. दारात विहरा उभी होती. दारात कसली, नुसत्या चौकटीत. डोक्यावर छप्पर नव्हतं. चुलीत बर्फ होता आणि मी काटकीने तो बर्फ ढवळत होते.

"कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी नाही. तू हरलीस. मी पहिली आले."

"बरं बाई, तू पहिली. आता तरी हस!" असं म्हणत तिने खिडकीत पडलेला एक अक्रोड उचलला आणि दगडावर फोडला.

आत पांढराशुभ्र, भरलेला गर.

"चांगला आहे की!" म्हणून तिने खाल्लाही.

मी हातातली काटकी बर्फात टाकून दिली.

पुढच्या इग्नाझ्देनला विहराने फोन उचलला नाही. मी तडक व्रानिदोल गाठलं. चढाखाली तिची गाडी उभी होती. बर्फात पावलांची एकच रांग, वर जाणारी.

धुराड्यातून धूर येत होता... आणि बंद दाराआड खूप माणसं बोलत होती.

मी दार बडवलं. "आजी, मी रालित्सा! दार उघडा!"

सगळे गप्प झाले.

मग अगदी दाराला तोंड लावून... विहरा म्हणाली, "उजाडलं का, बाईसाहेब?"

आत हशा पिकला.

मी खांद्याने धक्का दिला. दारच नव्हतं, मी बर्फात पडले. छप्पर नाही, माणूस नाही. चुलीच्या दगडाला हात लावला, तो ऊन होता.

पोलिसांनी बर्फ वितळेपर्यंत शोध घेतला. विहराची आई अजून खिडकीत बसून असते. मीही रडते. पण खरं सांगू? विहरा गेली, यापेक्षा तिलाच का बोलावलं, हे मला जास्त लागतं. त्या घरात पहिलं पाऊल माझं पडलं होतं.

त्यानंतर दर इग्नाझ्देनला मी वर जाते. कितीही लवकर निघा, माझ्यापुढे बर्फात ती पावलं असतातच.

उद्या पुन्हा इग्नाझ्देन आहे. खिशात अक्रोड घेऊन ठेवलाय. फोडून बघायचा धीर होत नाही.